रस्ता कुणाला विचारून बदलायचा?

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा मोठ्या शब्दांच्या मागे असतो. न्याय, स्वातंत्र्य, सामाजिक करार वगैरे. आज त्या मानाने किरकोळ वाटेल असा विषय घेतलाय. शहरातला एक रस्ता आहे, त्यावर सायकलवाल्याला जीव मुठीत न धरता जाता यावं अशी व्यवस्था करायची आहे. रस्त्याची रुंदी काही वाढत नाही. म्हणजे एक तर गाड्यांची एक रांग कमी होणार किंवा दुकानांसमोरचं पार्किंग जाणार. मग हे ठरवण्याआधी विचारायचं कुणाला? तिथे राहणाऱ्यांना, असं आपण पटकन म्हणतो. पण रस्त्याकडेला राहणारा वेगळा, तिथे दुकान मांडणारा वेगळा आणि रोज त्यावरून जाणारा आणखी वेगळा. तिघांना वेगवेगळं विचारलं तर तीन उत्तरं येतात.

हा प्रश्न जगात सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त भांडून ज्या देशात सोडवला गेला तो म्हणजे नेदरलँड्स, आपण सवयीने हॉलंड म्हणतो तो. आपली समजूत अशी, की तिथली माणसं जन्मतःच सायकलवर बसून येतात. सपाट प्रदेश, लहान गावं, थंड हवा, मग काय, चालवणारच सायकल! खरा इतिहास तसा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आला, पैशाबरोबर मोटारी आल्या, आणि पन्नास-साठच्या दशकांत तिथेही सायकल वर्षागणिक कमी होत गेली. शहरातले जुने चौक पार्किंगसाठी दिले गेले. १९६७ साली डेव्हिड जोकिनेन नावाच्या अमेरिकन नियोजनकाराने ॲमस्टरडॅमसाठी एक योजना मांडली. शहराला वेढणारा सिंगलग्राख्त हा कालवा बुजवायचा, त्यावरून मोटारींचा महामार्ग न्यायचा, आणि डे पाइप या जुन्या कामगारवस्तीचा मोठा भाग पाडून टाकायचा. आज ऐकताना हा वेडेपणा वाटतो. त्या काळी ती आधुनिकता होती, आणि ती गंभीरपणे चर्चेला घेतली गेली.

याच्या उलट टोकाला प्रोव्हो नावाचा तरुणांचा एक गट होता. १९६५ साली लूड स्किमेलपेनिंक याने कल्पना काढली, की शहराने पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर सोडाव्यात. कुलूप नाही, मालक नाही, ज्याला लागेल त्याने न्यावी आणि काम झालं की तिथेच ठेवावी. या पोरांनी काही सायकली रंगवून ठेवल्याही. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर सायकल बिनकुलपाची ठेवणं कायद्याने गुन्हा होता! कायदा कसा विचार करतो याचं हे उदाहरण आम्ही वर्गात बरीच वर्षं देत असू. पोरं हसायची. पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. तेव्हाच्या कायद्याला रस्त्यावरची सायकल म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, एवढंच दिसत होतं.

आता आकड्यांकडे येऊ. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजार दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. विक लांगनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यांतली एक. त्याने १९७२ मध्ये ‘डे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, ‘मुलांची हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्याने मथळ्यात वापरला नाही, याकडे आपण जरा थांबून बघू. अपघात म्हटलं की कर्ता नाहीसा होतो. पाऊस पडला, वीज कोसळली, तसा अपघात झाला. हत्या म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी केली? एका ड्रायव्हरने? तो नंतर रात्र-रात्र झोपला नसेल. मग ज्याने रस्ता तसा आखला त्याने? ज्यांनी तो तसा चालू दिला त्या सगळ्यांनी? तत्त्वज्ञानात आपण ज्याला सामूहिक जबाबदारी म्हणतो ती पुस्तकात फार धूसर असते. तिथे ती एका बापाच्या मथळ्यातून रस्त्यावर आली. त्या नावाची संघटनाच उभी राहिली. मार्त्ये व्हान पुटेन ही तिची पहिली अध्यक्ष, तेव्हा तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेवर निवडून गेली. या बायका मुलांना घेऊन रस्त्यात बसत, अपघाताच्या जागी रस्ता बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडत.

आणि त्याच १९७२ मध्ये डे पाइपमध्ये, म्हणजे जी वस्ती पाडायची म्हणत होते तिथेच, जे घडलं ते आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही दाट वस्ती. लांबच लांब अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून गाड्या चाललेल्या, आणि मुलांना पाय ठेवायला जागा नाही. तिथल्या शाळकरी मुलांवर डच दूरचित्रवाणीने एक माहितीपट केला, तो आजही बघायला मिळतो. त्यात मुलं सांगतात, आम्हाला खेळायला जागा नाही, रस्ता बंद करा. नुसती तक्रार करून ती थांबत नाहीत. दारोदार जाऊन सह्या गोळा करतात. मग एक दिवस आपली गल्लीच अडथळे लावून बंद करतात. एक मोटारवाला उतरतो, चिडतो, अडथळा ओढून बाजूला फेकायला लागतो, मुलं आणि मोठी माणसं त्याच्याशी हुज्जत घालतात. थोडक्यात, आपल्याकडे गणपतीच्या मांडवापाशी जे दृश्य दिसतं तेच, फक्त भाषा डच.

ही मुलं त्या रस्त्याची सगळ्यात जुनी वापरकर्ती. दिवसातले सगळ्यात जास्त तास तीच तिथे असतात. पण त्यांना मत नाही, त्यांच्या नावे घर नाही, कर ती भरत नाहीत. ‘संबंधितांना विचारा’ असं म्हटलं तर कुठल्याच यादीत ती बसत नाहीत. म्हणून त्यांनी विचारायची वाटच पाहिली नाही, आधी करून दाखवलं. लोकशाहीच्या सिद्धांतात याला काय म्हणायचं? नागरी कायदेभंग म्हणावं तर करणारे अजून नागरिकच नाहीत.

याच सुमाराला, १९६९ मध्ये, अमेरिकेत शेरी अर्नस्टाइन या बाईंनी एक निबंध लिहिला. नागरिकांच्या सहभागाची शिडी अशी त्याची कल्पना. आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना वापरून घेणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती सत्ता. ज्याला आपण सल्लामसलत म्हणतो ती खालून चौथी पायरी, आणि बाईंनी तिला देखाव्याच्या गटात टाकलंय. कारण तिथे लोक बोलतात, अधिकारी ऐकतात, पण ऐकलेल्याचं पुढे काही करायलाच हवं असं बंधन कुणावर नसतं. आम्हाला हा निबंध पटतो, पण एका बाबतीत तो अपुरा वाटतो. शिडी सांगते की लोकांना किती सत्ता दिली. लोक म्हणजे कोण, हे ती सांगत नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर जर त्या रस्त्यावरचे फक्त मोटारमालक जाऊन बसले, तर डे पाइपची मुलं होती तिथेच राहतात.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते हेगमध्ये दिसलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात डच केंद्र सरकारने ठरवलं, की दोन शहरांत नमुन्यादाखल सायकलमार्ग बांधून बघू. हेग आणि टिलबर्ग. पैसे सरकारचे. मार्ग रुंद, वेगळा, शहराच्या आरपार जाणारा. हेगमध्ये मार्गावरचे दुकानदार खवळले. पार्किंग गेलं, गिऱ्हाईक जाणार, माल उतरवायचा कुठे, असे त्यांचे मुद्दे होते. आता अशा गोष्टी सांगताना दुकानदाराला खलनायक करायची पद्धत आहे. आम्ही ते करणार नाही. दुकानदाराचं गणित सरळ आहे. त्याचं जे जाणार ते उद्या सकाळी जाणार, आणि किती जाणार हे त्याला माहीत आहे. निदान तसं त्याला वाटतं. ज्यांचा फायदा होणार ती माणसं मात्र अजून अस्तित्वातच नाहीत. म्हणजे माणसं आहेत, पण ती सायकलस्वार म्हणून नाहीत. रस्ता सुरक्षित झाला तर जी बाई उद्या सायकल काढणार आहे, ती आज बसने जाते आणि सायकलमार्गाच्या बैठकीला येण्याचं तिला काही कारण नाही. त्यामुळे बैठकीत तोटा होणारे सगळे हजर आणि फायदा होणारे सगळे गैरहजर असतात. यात कुणाचा कट नाही. बैठक या प्रकाराची रचनाच तशी आहे.

त्या प्रयोगाचा निकालही गमतीचा लागला. नव्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा आजूबाजूच्या रस्त्यांवरून इकडे वळलेल्या होत्या. एकच चांगला रस्ता करून शहर बदलत नाही, हे कळलं. म्हणून पुढे ऐंशीच्या दशकात डेल्फ्टमध्ये पूर्ण शहराचं जाळं विणलं, शहराच्या, विभागाच्या आणि वस्तीच्या अशा तीन पातळ्यांवर. तो तपशील आज सोडू.

न विचारता केलं तर काय होतं? याचं उत्तर उत्तरेकडच्या ग्रोनिंगनमध्ये आहे. मॅक्स व्हान डेन बर्ग हा मजूर पक्षाचा तिशीतला नेता तिथे वाहतुकीचा कारभार पाहत होता. त्यांनी योजना केली, की शहराचा मध्यभाग चार भागांत वाटायचा, आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीला थेट जाता येणार नाही. बाहेरच्या वळणरस्त्यावर जायचं आणि पुन्हा आत यायचं. पायी किंवा सायकलवर मात्र सरळ पलीकडे. १९ सप्टेंबर १९७७ ला एका रात्रीत पाट्या बदलल्या. सकाळी लोक गाड्या घेऊन निघाले तर शहर वेगळं. व्यापाऱ्यांनी प्रचंड विरोध केला. नगरसभेत मंजुरी होती, पण लोकांना समजावून, पटवून केलं असं कुणी म्हणणार नाही. आज त्या शहरात निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात, आणि ती योजना उलटवा असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर अस्वस्थ होतो. परिणाम चांगला झाला म्हणून पद्धत बरोबर ठरते का? रूसो म्हणेल, सर्वांची इच्छा आणि सामान्य इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हान डेन बर्गने दुसरी ओळखली. पण ‘तुम्हाला खरं काय हवंय ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं’ हे वाक्य बोलणारे सगळेच काही सायकलमार्ग बांधत नाहीत. जोकिनेनचीही तीच खात्री होती. त्याचा महामार्ग जर रात्रीत झाला असता तर? डे पाइप वाचली ती वेळ मिळाला म्हणून, लोकांनी आरडाओरडा करायला अवकाश होता म्हणून. न विचारता करण्याचा अधिकार एकदा दिला की तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालतो. आणि तरीही चारशे मुलांचा आकडा समोर ठेवला की वाटतं, यात विचारायचं काय होतं? शेजाऱ्याच्या मुलाने जिवंत राहावं की नाही यावर आपण मतदान घेतो का? जॉन स्टुअर्ट मिलने तर स्वातंत्र्याची हद्दच तिथे आखली, जिथे दुसऱ्याला इजा सुरू होते. आम्ही या दोन बाजूंच्या मध्ये बरीच वर्षं उभे आहोत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

त्याच ग्रोनिंगनने सतरा वर्षांनी एक वेगळी रीत काढली. नोर्डरप्लांट्सून नावाची बाग आहे, जुन्या तटबंदीच्या जागेवर झालेली. त्यातून मोटारींचा रस्ता जायचा. तो बंद करावा का, यावर शहर दुभंगलं. त्यांनी काय केलं, तर आधी वर्षभरासाठी रस्ता मोटारींना बंद केला आणि मग, १९९४ मध्ये, सार्वमत घेतलं. निकाल अगदी काठावर, एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास लोक बंद ठेवण्याच्या बाजूने. रस्ता बंद राहिला. त्याआधी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमनेही मध्यवस्तीतल्या मोटारी कमी कराव्यात का यावर सार्वमत घेतलं होतं. तिथेही बहुमत निसटतंच होतं आणि मतदानाला आलेले लोक थोडेच. पण ग्रोनिंगनचा फरक बघा. तिथे लोकांना विचारलं ते नकाशा दाखवून नाही, वर्षभर जगायला लावून. नकाशावर प्रत्येकाला आपला तोटा दिसतो. वर्षभरात हेही दिसतं की आपली म्हातारी आई बागेत एकटी जायला लागली आहे, किंवा हेही की आपल्याला रोज खरोखरच दहा मिनिटं जास्त लागतात. दोन्ही खरं ज्ञान. ज्ञानमीमांसेच्या भाषेत म्हणायचं तर संमतीला अनुभवाचा आधार मिळाला. आणि वर्षाअखेरी ‘नको’ म्हणायचा हक्क शाबूत होता, म्हणून ती जबरदस्ती ठरली नाही. एवढं करूनही बहुमत एक्कावन्नच टक्के, हे विसरायचं नाही.

आता घराकडे येऊ, पुण्याकडे. पुणं सायकलींचं शहर होतं, हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की त्याचा अर्थ पुसट झालाय. आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, सायकलला बिल्ला लागायचा, डबलसीट गेलं की पोलीस धरायचा, रात्री दिवा नसला की दंड. तासावर भाड्याने सायकल मिळायची. कारखान्याचे कामगार, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, सगळे त्याच रस्त्यावर सायकलवर. मग १९७२ नंतर लुना आली, आकुर्डीच्या स्कूटरी होत्याच, पुढे मोटरसायकली. तीस-चाळीस वर्षांत सायकल रस्त्याच्या कडेला आणि मग कडेवरूनही खाली गेली. हा एवढा मोठा बदल झाला तेव्हा हरकती-सूचना कुणी मागवल्या नव्हत्या. सायकल परत आणायची म्हटलं की मात्र विचारणा लागते. आमची तक्रार विचारणेबद्दल नाही, या एकतर्फी आठवणीबद्दल आहे.

विचारणेची कायदेशीर सोय आपल्याकडे आहेच. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या. आपण उदासीन आहोत असं म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगावा. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला, ही गोष्ट वेगळी. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, माणसं हलवा, वाहनं नव्हे, अशा विचाराचं. त्याच वर्षी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, बरोबर सायकलमार्ग आले. पण ते तुकड्यातुकड्यांत होते, मध्येच झाड, मध्येच डीपी, म्हणजे विजेची पेटी, मध्येच भजीवाला. २०१७ मध्ये पुण्याने शहरभराचा सायकल आराखडा केला. त्यासाठी पाहणी झाली, मसुदा लोकांपुढे ठेवला, सूचना घेतल्या, आणि त्याच वर्षी मुख्य सभेने तो मंजूर केला. कागदावर तो हेगच्या चुकीतून शिकलेला आहे, एकेका रस्त्याऐवजी जाळ्याचा विचार त्यात आहे. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, वर्षा-दोन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. ॲमस्टरडॅमच्या पांढऱ्या सायकली पोलिसांनी नेल्या, आपल्या त्यामानाने सुखाने गेल्या.

शेवटी एक पाहिलेली गोष्ट सांगतो आणि थांबतो. गाव आणि कार्यालय सांगत नाही. एका रस्त्याच्या फेररचनेवर नागरिकांची बैठक होती, कामाच्या दिवशी सकाळी अकराला. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी गेलो होतो, आम्हाला काय, वेळच वेळ. बाकी सभागृहात व्यापारी आणि सोसायट्यांचे पदाधिकारी. दोन तास चर्चा झाली, चांगली झाली, आवाज चढले पण कुणी पातळी सोडली नाही. सायकलवरून आलेला एकही माणूस त्या खुर्च्यांवर नव्हता. मध्यंतरात चहा आला. चहा आणणारा मुलगा किटली आणि ग्लासांची जाळी सायकलच्या हँडलला लावून त्याच रस्त्यावरून आला होता, तो दिवसातून दहा-बारा वेळा येतो-जातो. आम्ही त्याला विचारलं, काय रे, या सायकलच्या पट्ट्याचं तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, “पट्टा बरा आहे हो काका, पण तोंडाशी ते दोन खांब रोवलेत ना, मोटरसायकल येऊ नये म्हणून, त्यातून जाळी जात नाही. मग मी आपला रस्त्यानेच येतो.” आम्ही विचारलं, आत येऊन सांगतोस का हे? तो हसला आणि म्हणाला, ग्लास गोळा करायचेत.

आम्ही ते खांबांचं अंतर आमच्या नावाने लिहून दिलं. पोच मिळाली, शिक्क्यासकट.